गंजलेल्या सहाबारी

—नाही, ते खोकं काचेवर नको ठेवूस, काच एका कोपऱ्यात तडकलीय. इथं, या चटईवर ठेव. अजून आहेत का गाडीत? असू देत, आधी हीच बघू. तुझा बाप स्वतः आला असता ना, तर सगळ्यात बरी दिसणारी एकच सहाबारी घेऊन आला असता आणि म्हणाला असता, हॉयट, बाकीच्या सगळ्या अश्शाच आहेत, घेऊन टाक. ॲम्ब्रोज ट्रूइट! पहारेकऱ्यांची कंपनी चालवायचा आणि स्वतःच्या गाडीला कुलूप लावायचा नाही — म्हणायचा, ट्रूइटची गाडी कोण चोरेल? चोरली की एकदा! तुला ठाऊक नाही? जाऊ दे मग, आता कशाला. कळलं मला तो गेल्याचं. चर्चमध्ये यायला हवं होतं मी, आलो नाही. हल्ली मी कुणाच्याच मातीला जात नाही. राग धरू नकोस. नाही ना? बरं. बस त्या स्टुलावर.

आता ही बघ — ह्या सहा गोळ्यांच्या हातबंदुका चामड्यात ठेवलेल्या होत्या ना? सांगूच नकोस, मीच सांगतो. पट्ट्यासकट, चामड्याच्या पाकिटात घालून, तळघरात खिळ्यांना टांगलेल्या. बरोबर? सगळे तेच करतात. माणसाला वाटतं, चामडं म्हणजे पांघरूण, ऊब. अगं, चामडं ओल धरून बसतं! नदीकाठचं तळघर, त्यात चामडं — ओला मोजा घालून वर्षानुवर्षं झोपल्यासारखं ते. गंज बघ कसा पाकिटाच्या आकारात आलाय, इथं तर शिलाईची रेघसुद्धा उठलीय. चांगली हत्यारं अशी सांभाळून सांभाळून मारतात लोक. शिव्या देत नाहीये तुझ्या बापाला. म्हणजे देतोय, पण त्याच्या तोंडावरही दिल्या असत्या.

नळीत डोकाव. खिडकीकडं धर — उजेड दिसतो? आतल्या रेघा दिसतात, स्वच्छ? दिसणारच. कारण ही कधी कुणी उडवलीच नाही. तुझ्या बापाच्या पहारेकऱ्यानं काचकारखान्याच्या फाटकावर बसायचं, पेपरोनीचा पाव खायचा, पाळी संपली की घरी. सहाबारी कमरेला, पण तिला आवाज माहीत नाही. बाहेरून म्हातारी आणि आतून — असू दे, तुझ्यासमोर नको ते. पण दर ह्यावरच ठरतो. वरचा गंज हा एक गंज, आणि लोखंड खाऊन खड्डे पाडणारा तो दुसरा. नखानं बघायचं. नख अडकलं की संपलं. हिच्यावर अडकतंय? नाही. हिच्यावर — हं, हिच्यावर अडकतंय, ही बाजूला. हिचं गोळ्यांचं चाक फिरत नाहीये, पण ते तेलानं सुटेल. ही —

ही कुणी घासली?

तू? सँडपेपरनं? … बरोबर आहे, तुला वाटलं चकचकीत दिसली की गिऱ्हाईक जास्त देईल. सगळ्यांनाच वाटतं. त्यावर निळाई असते पोरी, काळसर निळी, ती मुलाम्याची. गंजाबरोबर ती पण गेली. आता हे नुसतं उघडं लोखंड, ह्याला कारखान्याचा नंबरही धड राहिला नाही. एकच घासलीस ना? मग ठीक आहे. हात दुखले म्हणून थांबलीस? बरं झालं दुखले ते. हसतेस काय, खरंच बरं झालं.

आता तुला सरळ सांगतो. सहाबारी कुणी मागत नाही हल्ली. प्लास्टिकची पाहिजेत सगळ्यांना, हलकी, भरपूर गोळ्यांची, मुलांच्या खेळण्यासारखी. ह्या जुन्या वस्तूंना येतात ते माझ्या वयाचे, आणि ते विकायलाच येतात जास्त. त्यात गंज. तू मघाशी म्हणालीस तो चार्ल्सटनचा व्यापारी तुला काय म्हणाला? सगळ्या घेतो, लगेच घेतो? घेईल की. तो काय करणार ते सांगितलं का? खोलणार. चाप वेगळा, घोडा वेगळा, चाक वेगळं, लाकडी मुठी वेगळ्या, सुटं सुटं करून टपालानं विकणार आणि उरलेले सांगाडे वितळवायला देणार. वाईट माणूस नाही तो, धंदा आहे. पण मग ट्रूइटची सहाबारी म्हणून काही राहणार नाही. एकही. तुला तेच नकोय, म्हणून इकडं आलीस, कळतंय मला. घर विकलंस ना, ताबा कधी द्यायचाय? … म्हणजे आजच काय ते सांगायला हवं. हो.

म्हणजे बघ, माल वाईट नाही. मी करू शकतो, असं नाही की करू शकत नाही. खोक्यात ती चिंधी तुझ्या बापाचीच ना? दे इकडं. अजून तेल आहे तिच्यात. हे बघ, ह्या बाजूला हा जो नुसता फुलल्यासारखा आलाय गंज, पावडरीसारखा — एक हात फिरवला. गेला. दिसला? कच्चा होता. आणि हा जुना, खवल्याचा, ह्याला तेल लावून ठेवायचं आणि मग जुनं तांब्याचं नाणं घेऊन कडेनं खरवडायचं, हळू. तांबं मऊ, गंज निघतो, निळाई राहते. नवीन नाणी नाही चालत, त्यांत तांबं नुसतं वरवर. काम काही अवघड नसतं. बसायचं असतं नुसतं. दिवा लावायचा, रेडिओ लावायचा, बसायचं.

मी बसत नाही हल्ली. दोघांना परत पाठवलं तुझ्याआधी, गंजलेला माल आहे म्हटल्यावर बघितलासुद्धा नाही. तुझं नाव ट्रूइट म्हणून खोकं उघडलं मी. कारण असं काही नाही. … आहे म्हणजे, पण ते तुला ऐकायला — आर्डिस आठवते तुला? माझी बायको. गल्ल्यामागं बसायची, तांबडे केस. तू लहान असताना तुला पेपरमिंट द्यायची? देत असेल, सगळ्यांना द्यायची. तर ती गंजरी होती. हसू नकोस, आमच्या धंद्यातला शब्द आहे. काही माणसांच्या घामात असतं काहीतरी, क्षार म्हण, आम्ल म्हण, डॉक्टरलाही धड सांगता येत नाही. त्यांनी लोखंडाला हात लावला की दुसऱ्या दिवशी तिथं बोटं उमटतात. तपकिरी. अशा माणसाला बंदुकीच्या दुकानात कुणी उभं करत नाही, आणि मी लग्न केलं! शिवणाची सुई तिनं हातात धरली की सकाळी सुई काळी. मी म्हणायचो, आर्डिस, तुझ्या अंगात रक्त नाहीये, लोणच्याचं पाणी आहे. ती म्हणायची, त्याच लोणच्यावर टिकलायस म्हातारड्या, नाहीतर कधीच नासला असतास.

हातमोजे आणून दिले मी तिला, पांढरे, सुती. एक दिवस घातले. संध्याकाळी काढून टेबलावर टाकले, म्हणाली, हॉयट, मला शवागारात कामाला असल्यासारखं वाटतंय, गिऱ्हाईकं टोपी काढून बोलतात माझ्याशी. मग काय, ती दाखवणार आणि मी तिच्यामागून पुसत जाणार. ती पुढं, मी चिंधी घेऊन मागं. रात्री दुकान बंद झाल्यावर परत एकदा सगळं. भांडणं किती झाली! म्हणजे मी भांडायचो, ती पेपरमिंट खायची. आणि आता बघ — बघ त्या रांगेकडं, एकावरही ठिपका नाही. काही पुसावंच लागत नाही. माझे हात कोरडे, माझ्यानं काही उमटत नाही.

हां, सौदा. थांब, तुला एक दाखवतो, म्हणजे भावावरून तुझी माझी वादावादी नको. तुझ्या मालासारखंच आहे हे पिस्तूल, तोच कारखाना, तीच नळी, फक्त नीट राहिलेलं. मी हे गल्ल्याखाली ठेवतो, विकायला नाही. धर. लाकडी मुठीलाच धर हं, लोखंडाला बोट लावू नकोस. रिकामं आहे, तरी चाक उघडून बघ आधी — बघितलंस, शाबास, ॲम्ब्रोजची पोर. आता घोडा मागं ओढून सावकाश सोड. कसा लोण्यासारखा येतो? तुझ्यावाल्या अशा होऊ शकतात. सगळ्या नाही, बऱ्याचशा. ते ठेव हातात, मी तोवर ह्या अडकलेल्या चाकात तेल सोडतो, दिव्याशी जातो जरा. बोलत राहतो, ऐकू येतंय ना?

काय सांगत होतो — का बसत नाही ते. पानं गळायचे दिवस होते. तुझ्या हातातलं ते पिस्तूल आर्डिसनं एका गिऱ्हाइकाला दाखवलं, त्यानं घेतलं नाही, तिनं परत ठेवलं आणि म्हणाली, हॉयट, माझा हात जड झालाय. बास. पुढं मग रुग्णवाहिका, ते सगळं, तुझंही झालंय नुकतंच, तुला काय सांगायचं. परत आली नाही ती. दुकान उघडलं मी नंतर, काय करणार, आणि गल्ल्याखाली हात घातला तर हे. तिच्यामागून पुसायचं राहिलेलं, तेवढं एकच. चिंधी उचलली मी. उचललीच. सवय. आणि मग ठेवली.

तेव्हापासून चिंधी पुढं ठेवतच नाही दुकानात. कारण मला माझा भरवसा नाही ना. गंज दिसला की माझा हात आपोआप जातो, मला विचारत नाही. एकदा ह्या कामाला बसलो, तेलाचा वास नाकात गेला, एकामागून एक पुसत सुटलो, तर कधी हे हाती येईल आणि — कळतंय का? म्हणून नाही म्हणत होतो मी लोकांना. तुलाही नाहीच म्हणणार होतो. आणि न पुसूनही काय, गंज काही थांबून राहत नाही. रोज थोडा खातो. आधी रेघ न रेघ होती, आता कडेनं जरा पसरलाय. पुसलं तर जाणार, नाही पुसलं तरी जाणार. लाखेचा पातळ हात मारून बघावा असं डोक्यात आहे, पण मुलाम्यावर लाख टिकते की नाही, आणि ब्रशनंच गेला तर? कुणाला विचारलं नाही. कसं विचारणार, लोक म्हणतील हॉयट सरकला.

तू बघ ना. तुझे डोळे चांगले आहेत. खिडकीशी जा आणि तिरकं धर. चाकाच्या वरती जी पट्टी आहे ना, तिच्या उजव्या अंगाला. सरळ बघितलं तर नुसता डाग वाटतो, तिरकं केलं की रेघा येतात, भोवऱ्यासारख्या. अंगठा आहे तिचा. दिसला? … जरा अजून तिरकं कर. … उजव्या अंगाला म्हटलं मी, तुझ्या उजव्या. … काही नाही म्हणजे? आण, इकडं आण. दिव्याखाली आण.

…

हं.

…

तुझं बोट लागलं का लोखंडाला? चाक उघडताना. हो ना. मीच म्हटलं, उघडून बघ. आणि मग तू — हो, तुझ्या बापाची चिंधी तिथंच होती, मीच ठेवली होती काचेवर.

नाही, नाही. अगं, रडू नकोस. चुकलं नाही तुझं काही. दुसऱ्याचं हत्यार हातात घेतलं तर पुसून परत द्यावं, ही रीतच आहे, ज्याला ती नाही त्याला मी दुकानात उभा करत नाही. तुला तुझ्या बापानं शिकवलं आणि तू केलंस. मीही तेच केलं असतं. चांगलं पुसलंयस. पट्टीच्या खालीसुद्धा पुसलंयस, तिथं लोक विसरतात.

बोलू नकोस जरा. थांब. मी बघतोय मला काही होतंय का. … काही नाही. मला वाटलं होतं, हे गेलं की काय होईल, काय होईल. हेच की. तू उभी आहेस, तो रस्त्यावरून दुधाचा ट्रक चाललाय.

खोकं उचलू नकोस. ठेव म्हटलं ना. चार्ल्सटनवाल्याला फोन कर आणि सांग, माल गेला. हो, गेला, सगळ्या घेतो. खड्डे पडलेल्याही, आणि ती तुझी घासलेलीही. दर तू म्हणालीस तोच. माझ्याशी घासाघीस करू नकोस, वर नको, खाली नको, तोच. दया नाही करत मी तुझ्यावर, धंदा करतोय. आता मला बसायला कसली अडचण आहे? आता काय वाट्टेल ते पुसता येईल मला.

गाडीतली आणून दे आणि जा तू. … ते पिस्तूल? ते ह्यांच्यातच टाक. नाही, वेगळं कशाला, टाक ह्यांच्यातच. … टाकलंस? बरं. आता जा, पोरी. काही म्हणू नकोस, नुसती जा.