उरलेला पेला

मंडळी, उद्या प्रभुभोजनाचा रविवार. म्हणून आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. देवाची कृपा मिळते, की मिळवावी लागते?

मागच्या बाकावरचे काका, आपण मान डोलावलीत. कशाला डोलावलीत — 'मिळते'ला, की 'मिळवावी लागते'ला? बघा, दोन्हींना! माझंही तसंच होतं. म्हणून अशा एका मुलीची गोष्ट ऐका, जिचंही तसंच झालं.

सुवार्ता भिंगारदिवे तिचं नाव. रसायनशास्त्रात पदवी घेतलेली, तालुक्याला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला. एक मोजमाप दोनदा घेतल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आई लहानपणीच गेली. घरात दोघंच, ती आणि तिचे अप्पा. अप्पा म्हणजे शांतवन, गावच्या चर्चचा घंटावाला.

घंटावाल्याचं काम नुसती घंटा ओढायचं नव्हतं बरं का. प्रभुभोजनात प्रत्येकाला पेल्यातून देतात, तो द्राक्षरसही त्यानंच करायचा. आपल्याकडे ताजी द्राक्षं बारमाही कुठली? मनुके भिजत घालायचे, उकळायचे, फडक्यानं गाळायचे. आणि त्या गावाची एक रीत होती. ज्याला भोजन घ्यायचंय, त्यानं शनिवारी संध्याकाळी घंटावाल्याच्या ओट्यावर येऊन नाव सांगायचं. कुणाशी अबोला असेल, तर तो आधी मिटवून मग ओटा चढायचा. जितकी नावं, तितकेच पेले. चुकून एखादा उरलाच, तर तो परत भांड्यात नाही, मातीतही नाही. घंटावाल्यानं प्यायचा.

शांतवननं बावीस वर्षांत एकही पेला उरू दिला नाही. का? त्याला तो प्यायचा नव्हता. बावीस वर्षं सगळ्या गावासाठी रस केला, आणि स्वतः थेंबभर घेतला नाही. गोडी चाखायलासुद्धा सुवार्ताला हाक मारायचा.

आता म्हणाल, एवढं काय पाप केलं होतं? ऐका.

त्याचा धाकटा भाऊ याकोब. बावीस वर्षांपूर्वी तो तंबूत प्रार्थना भरवणाऱ्या नव्या मंडळीत गेला आणि कालव्यात बुडी घेऊन दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला. शांतवनला ते लागलं. चारचौघांत म्हणाला, "आपल्या बापानं मांडीवर घेऊन दिलेला बाप्तिस्मा तुला कमी पडला? आजपासून तू माझा भाऊ नाहीस." पुढच्या शनिवारी याकोब समेट करायला आला. दार वाजवलं. शांतवन आत बसून राहिला, कडी काढली नाही. सोमवारी ट्रॅक्टर उलटला आणि याकोब गेला.

वेदीशी येण्याआधी भावाशी समेट कर, ही प्रभूची आज्ञा. आणि भाऊच नाही! आता कुणाशी करायचा?

वर्षं गेली. शांतवनच्या हृदयाच्या झडपा बिघडल्या. सोमवारी नगरला ऑपरेशन ठरलं. गुरुवारी तो लेकीला म्हणाला, "मी असाच गेलो तर?"

"असाच म्हणजे?"

"न मिटवता. माझं तारण होईल का गं, देव पदरात घेईल का? तू शिकलेली आहेस. विचारून बघ कुणाला."

सुवार्ताला वाटलं, सोपं आहे. जाणत्या माणसांना विचारू, तिघांचं उत्तर एक आलं की झालं.

आधी गेली चर्चच्या धर्मगुरूंकडे, पाळकसाहेबांकडे. रणदिवे पाळक म्हणाले, "कृपा फुकट असते, पोरी. कमवायची नसते. नुसता विश्वास ठेवायचा."

"अप्पांचा विश्वास आहे, साहेब. म्हणूनच तर घेत नाहीत."



मग गेली फिलोमिना मावशीकडे. मावशी लग्न होऊन कॅथलिक घरात गेलेली. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "फादरपुढं पापनिवेदन करू दे. याकोबच्या आत्म्यासाठी मिस्साची प्रार्थना सांगू. कृपा देवाची, पण आपले हात नकोत का लागायला? आणि एवढी वर्षं घंटा ओढली, ती काय देवाला ऐकू आली नसेल?"

"पण मावशी, किती केलं म्हणजे पुरतं?"

"हे बघ, हे तुझं पाणी नाही, बाटलीत भरून तपासायला."

शेवटी गेली तंबूच्या मंडळीत. तिथं आता याकोबचा मुलगा दानीएल उपदेश करायचा. तो म्हणाला, "ताई, काकांना कालव्यावर आण. पश्चात्ताप करून पाण्यात उतरू दे. नवा जन्म ज्याचा त्यानंच घ्यायचा असतो."

"डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केलीय. कालव्यात उतरवू?"

दानीएल हसला नाही. म्हणाला, "बाबा त्या शनिवारी परत आले ना, तेव्हा रागावले नव्हते. म्हणाले, आतून खोकला ऐकू आला, दादा जागा आहे. मंगळवारी पुन्हा जाईन."

सुवार्ता घरी येईतो तिचं डोकं चक्रावलं होतं. एक म्हणतो, काही करू नको. एक म्हणते, कर. एक म्हणतो, पहिल्यापासून कर! आणि याकोबकाकांनी तर मागण्याआधीच क्षमा केलेली. मग अप्पा बावीस वर्षं थांबले कशासाठी? तिनं दानीएलचं बोलणं अप्पांना सांगितलं. अप्पा भिंतीकडे तोंड करून झोपले.

शनिवारी त्यांना उठवेना. मनुके सुवार्तानंच उकळले. ओट्यावर तीस जणांनी नावं सांगितली. रविवारी सकाळी तिनं पेले भरले, सवयीनं दोनदा मोजले, आणि अप्पांना हाताला धरून चर्चमध्ये नेलं. ते बसले शेवटच्या बाकावर.

भोजन झालं. तीस जणांनी घेतलं, सुवार्तानं घेतलं, पाळकसाहेबांनी घेतलं. आणि तबकात एक पेला उरला.

सुवार्ताचा चेहरा उतरला. दोनदा मोजलं होतं! नाव देऊन कुणी आलं नाही का? नाही, तीसच्या तीस जण समोर बसलेत. मग हा कुणाचा?

पाळकसाहेब तबक घेऊन शेवटच्या बाकाशी गेले. "शांतवन, रीत तुम्हाला माहीत आहे."

"साहेब, मी नाव दिलेलं नाही."

"नाही दिलं. तरी उरलाय."

मंडळी, तबक धरून पाळकसाहेबांचे हात भरून आले, एवढा वेळ गेला. मग शांतवननं हात पुढं केला. प्याला. डोळे पुसले. आणि लेकीकडे बघून काय म्हणाला?

"मनुके कमी टाकलेस. पाणचट झालाय."

*मापून ओतिले, मोजून वाढिले,*
*तरीही उरले, माझ्यासाठी.*

बाहेर पडताच सुवार्ताच्या ध्यानात आलं. तीस नावं, एक पाळकसाहेबांचा, आणि घरचे — घरचे तिनं दोन धरले होते. रोज भाकरीचं पीठ दोघांचं घ्यायचा हात. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा अप्पांना धरूनच मोजलं.

पाळकसाहेब म्हणाले, "बघ, न मागता मिळाली." हकीकत कळल्यावर मावशी म्हणाली, "बावीस वर्षांचं फळ मिळालं." दानीएल म्हणाला, "शेवटी हात काकांनाच पुढं करावा लागला." सुवार्ता बघतच राहिली. घटना एक, उत्तरं तीन, आणि तिन्ही बसतात! यातलं खरं कोणतं, ते तिला कळलं नाही. माझी तर बिशादच काय!

ऑपरेशन झालं. शांतवन आजही मनुक्यांवरून लेकीशी भांडतो.

आता काका, तुमच्याकडे वळतो. मघाशी दोन्हींना मान डोलावलीत, ती तशीच असू द्या. पण आज शनिवार आहे. घरी जाल, जेवाल. कुणी दार वाजवलं, तर आत बसून खोकू नका. उठा, कडी काढा.