कंपनीचं नाव लावलेला कॉम्प्युटर

मी मूळचा केम गावचा. घरी शेती, पण मला लहानपणापासून पान्या-पकडीचं वेड, पाण्याचं इंजिन बंद पडलं की वडील मिस्त्रीला बोलवायला जायचे आणि ते येईपर्यंत मी सगळं खोलून बसलेला असायचो, मग खोललं म्हणून मार, आणि चालू झालं तरी मिस्त्रीसमोर लाज घालवली म्हणून मार. पुढं आयटीआय केला, सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत फिटर म्हणून लागलो, तो अजून फिटरच हाय. बायको सुमन, सोलापुरातलीच. तिची थोरली बहीण लता, आणि लताचे मालक म्हणजे माझे साडू, सरकारी हापिसात साहेब. सुमन म्हणते, साडू नसते तर तुमी भांडायला दुसरं कोणतरी शोधलं असतं. असेल बाबा.

आता काय सांगू तुमाला, हातोहाती मोबाईल यायच्या आधी घरात कॉम्प्युटर आला की माणसाची जातच बदलायची. दोनच जाती, एक ब्रँडेडवाले, म्हणजे कंपनीचं नाव छापलेलं मशीन सीलबंद खोक्यातून आलेले, आणि दुसरे आमी असेंबलवाले, म्हणजे सुटे पार्ट आणून जोडून घेतलेले. साडू पहिल्या जातीतले. त्यांच्या घरी कॉम्प्युटरच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढायच्या, व्हायरस आत येईल म्हणून. आमच्या घरी उलटं, मशीनला हात लावला की बारीक शॉक बसायचा, म्हणून पोरांनी चपला घालून बसायचं. मी तर त्याचं बाजूचं झाकण कधी लावलंच न्हाय, उघडंच ठेवायचं आणि वरनं टेबल फॅनचा वारा.

साडू म्हणायचे, दत्तोबा, तुझं मशीन म्हणजे भेळ हाय, कुरमुरे कुणाचे, फरसाण कुणाचं. मी म्हणायचो, साहेब, तुमचा पाकीटबंद चिवडा, फोडल्याबिगर खवट हाय का कळायचं न्हाय, आणि फोडायची तुमाला कंपनीची परवानगी न्हाय. गल्ली हसायची. मी असेंबलवाल्यांचा पुढारीच झालो होतो की, कुणी कॉम्प्युटर घ्यायचं म्हणलं की त्याला धरून रफिकभाईकडं न्यायचो.

हे रफिकभाई म्हणजे ज्यांनी माझं मशीन जोडलं. दुकान म्हणाल तर जिन्याखालची जागा, वाकून आत शिरायचं. माझ्या घरी जमिनीवर पेपर पसरून आमी दोघांनी ते मशीन उभं केलं. मी स्क्रू पिळायचो आणि ते म्हणायचे, हल्लू फिटरसाब, हल्लू, ये ट्रक नैं है. तरी मी एक स्क्रू असा पिळला की पुढच्या कडेला पत्रा दबून पोच आला. पडदा उजळला तेव्हा आमी दोघांनी कुणी न सांगता हात जोडले. खंडेनवमीला कारखान्यात आमी मशिनींना झेंडू घालतो, हत्यारांना कुंकू लावतो, तसंच घरी कॉम्प्युटरला, आणि त्याला माळ घालायची ती रफिकभाईनंच, कारण ज्यानं जोडलं त्याचा मान. दरवर्षी यायचे, पेढे घेऊन.

मग एका वर्षी सुमनच्या माहेरी कसला तरी कार्यक्रम होता, तितं लता सगळ्यांसमोर म्हणाली, आमच्या सुमनच्या घरात सगळंच जोडून जोडून. सगळे हसले. मीपण हसलो, मला वाटलं कॉम्प्युटरवर इनोद हाय. सुमनचं तोंड मी बघितलंच न्हाय.

मग खंडेनवमी आली. लता आणि साडू जेवायला येणार होते. मी कारखान्यातली पूजा उरकून घरी आलो तर साडू कॉम्प्युटरसमोर उभे, दोन्ही हात कमरेवर, आणि म्हणतात, अरे दत्तोबा, शेवटी घेतलंस की आमचंच! मी बघतोय तर मशीनचं झाकण लावलेलं, सगळं पुसून लख्ख, आणि पुढं साडूंच्या मशीनच्याच कंपनीचं चकचकीत स्टिकर. ते सुमननं गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासवाल्याच्या बंद पडलेल्या मशीनवरनं गरम पाण्याच्या फडक्यानं सोडवून आणलेलं, हे मला मागनं कळलं. साडूंनी ते मशीन आजवर उघडंच बघितलेलं, त्यांना हे नवंच वाटलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुमनकडं नजर गेली. हातात पुरणपोळीचं ताट, आणि ती माझ्याकडं बघतीय, नुसती बघतीय. आणि दारात रफिकभाई, हातात पेढ्याचा पुडा.

मी म्हणलं, व्हय, घेतलं एकदाचं.

साडू वळले, बघा रफिकभाई, तुमचं गिऱ्हाईक आमच्यात आलं. रफिकभाईनं मशीनकडं बघितलं. तो पोच समोरच होता, माझ्या हातचा. त्यांनी स्टिकर बघितलं, सुमनचं तोंड बघितलं, आणि म्हणाले, अच्छी कंपनी है साब, अच्छा किया. मग माळ घातली, दरवर्षीसारखी, नीट सरळ करून. जेवायला थांबले न्हाईत.

सगळे गेल्यावर मी सुमनला म्हणलं, मला आधी सांगायचं की. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुमी भाषण दिलं असतं. मला ताईसमोर एक दिवस तरी गप बसायचं नव्हतं, एवढंच. खरं सांगतो, रफिकभाईसमोर खोटं बोललो त्याची लाज हायच, पण इतकी वर्षं मी ज्याची शेखी मिरवत होतो त्याचे टोमणे हिला खाली मान घालून ऐकावे लागत होते, आणि माझ्या डोक्यात कधी आलंच न्हाय, ही लाज जास्त हाय. सुमनच म्हणाली, उद्या जावा, रफिकभाईला सांगा, स्टिकर मी लावलं म्हणून. गेलो. ते म्हणाले, बोलो फिटरसाब, क्या मंगता? मी म्हणलं, माऊस. घरात चांगला माऊस असताना दुसरा घेऊन आलो. मग परत एकदा गेलो आणि कीबोर्ड आणला.

आता तसलं मशीन कुणाच्या घरात न्हाय, ना माझ्या ना साडूंच्या. पोरं मोबाईलच्या कंपनीवरनं भांडतात, मी मधे पडत न्हाय. साडू लग्नाकार्यात अजून सांगतात, दत्तोबाला मी सुधरवला, आणि मी म्हणतो व्हय. रफिकभाई जिन्याखालून बाहेर निघाले, चांगलं दुकान हाय, मोबाईलला काच बसवून देतात. परवा गेलो. प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात तसं मला विचारलं, कंपनी कौनसी? त्यांच्या मनात काही नसेल, धंद्यातलं विचारणं हाय ते. पण मला ते स्टिकर आठवलं, मी फोन नुसता पुढं केला. त्यांनी फुंकर मारून काच बसवली, एक बुडबुडा राहू दिला न्हाय. देव त्यांच्या हाताला यश देवो. ते मशीन तुमचंच होतं, एवढं बोलायची अक्कल मला कधी येईल तेव्हा येईल.