निम्मं पाणी

लेकीचे सोललेले खांदे दाखवायला आई त्वचेच्या डॉक्टरांकडे बसली होती. मागच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या.

"वहिनी, सनस्क्रीन कितीचं लावता?"

"पन्नासचं. फार घट्ट असतं, म्हणून निम्मं पाणी घालते."

"अहो, मग उरलं काय त्यात?"

"पंचवीस. दोन हात मारले की झालं पन्नास."

"मग नाक कसं सोललं?"

"तेच तर विचारायला आलेय डॉक्टरांना."

"नशीब, गणित शिकवत नाही तुम्ही."

"पोहणं शिकवते ना. पोरांनाही त्याच बाटलीतलं चोपडते. एक बाटली अख्ख्या वर्गाला पुरते."

"आणि पोरं भाजली तर?"

"सोलवटतात एखाददोन. आईबापांनी उन्हात सोडलेलंच नसतं कधी."

आईनं लेकीच्या खांद्यांकडे पाहिलं. लेक मात्र मागे वळली आणि शिकवल्याप्रमाणे उठून उभी राहिली.

"नमस्कार, बाई."