आईची मर्यादा

(फोनवर. औषधाच्या पंपांचे प्रोग्राम लिहिणारी धाकटी आणि तिला ते काम शिकवलेले मास्तर. धाकटीच्या खांद्यावर तिचं बाळ कुरकुरतंय.)

धाकटी : "विसरणारा कुणीतरी निघतोच," असं तुम्ही म्हणाला होतात, मास्तर. मी हसण्यावारी नेलं.

मास्तर : नोकरी सोडून वर्ष होत आलं माझं. आज कुठून उकरून काढलंस हे?

धाकटी : औषधाच्या पंपांच्या प्रोग्राममधला मूळ क्लास, सगळ्या पंपांचा सामाईक साचा, आठवतोय? ज्याला आपण आई म्हणायचो?

मास्तर : आणि पंपाच्या प्रत्येक प्रकाराला लेकरू. म्हातारा झालोय गं, खुळा नाही.

धाकटी : त्यातली जास्तीत जास्त किती औषध द्यायचं ते सांगणारी मेथड. पंप तयार व्हायच्या आधीच मर्यादा कळायला हवी, म्हणून स्टॅटिक, म्हणजे थेट साच्यालाच विचारता येईल अशी ठेवलेली.

मास्तर : आणि आपली प्रोग्रामिंगची भाषा लेकरांवर स्टॅटिक मेथड लिहायची सक्ती करत नाही. लेकराने स्वतःची लिहिली नाही, तर गुपचूप आईची उचलते. म्हणून तर घसा फोडत होतो, आईकडे आकडाच ठेवू नका. तिथे नुसता एरर येऊ दे. पंप सुरूच व्हायचा नाही.

धाकटी : मी म्हटलं होतं, सगळे शिकलेले आहेत, धाक कशाला.

मास्तर : कोण विसरलं?

धाकटी : मीच. नवजात बाळांच्या पंपाला स्वतःची मर्यादा लिहायची राहिली. बाळंतपणाच्या रजेवरून आले, ते पहिलंच काम.

मास्तर : चाचण्या केल्या असशील ना?

धाकटी : सगळ्या पास. आकडा येतच होता. आईकडचा, मोठ्या माणसाचा.

मास्तर : पुढे बोल.

धाकटी : काल एका रुग्णालयात बाळाची मात्रा भरताना नर्सकडून दशांशचिन्ह सरकलं. पंपाने अडवायला हवं होतं. नाही अडवलं. सकाळी ते बाळ गेलं.

मास्तर : बाकीचे पंप बंद करायला सांग आधी. रडायचं मागाहून.

धाकटी : साहेब म्हणतात, वकील सांगेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मी घरून, लपून फोन लावले. सगळ्यांनी पंप काढले. एकच रुग्णालय फोन उचलत नाही.

मास्तर : कुठलं?

धाकटी : तुमच्या गल्लीच्या तोंडावरचं.

मास्तर : चपला घालतोय. मी कोण म्हणून सांगू तिथे?

धाकटी : माझं नाव सांगा, काय व्हायचं ते होऊ दे. पंप बसवायला मीच गेले होते. दुसरा मजला, खिडकीजवळची बाळाची काचेची पेटी.

मास्तर : निघालो.

धाकटी : पंप बंद करायला लावा. आणि मास्तर, ठीक आहे असं कुणी सांगितलं तरी परत फिरू नका. बाळाची छाती वरखाली होतेय का, ते तुम्ही स्वतः बघा.