डाव्या कुशीवर

हॅलो?… हो, नीरजाच… अच्छा, कृतिका. बोल… नाही गं, जेवायचंय अजून. आई पोळ्या करतेय. बोल ना.

हो, हो, पोचले. बसला लटकत. तुझं बरं आहे, तुला पप्पा गाडीनं… बरं, ड्रायव्हर. ड्रायव्हर सोडतो… टोमणा कुठे मारला? आहे ते बोलले. तुझ्या पप्पांनी मिनिस्ट्री सोडून परदेशी कंपनी धरली, तुम्ही गुडगावला गेलात. आमचे बाबा त्याच टेबलावर, आम्ही त्याच क्वार्टरमध्ये… अगं ऐक ना, रागावले कुठे? लिफ्ट चालू झाली का तुमची?… छान. छानच.

कोण?… बिमला? पानिपतची, नऊ नंबरची?… मला काय विचारतेस, तुझी पेशंट आहे ती. मेडिसिनच्या पोस्टिंगला पहिल्याच दिवशी सरांनी बेड वाटून दिलेत. नऊ तुझा, अकरा माझा. दुसऱ्याच्या बेडला हात लावायचा नाही, ठरलंय ना आपलं… दमा आहे ना तिला? फाइलवर दमाच लिहिलाय… हो, उद्या राउंड झाला की घरी सोडणार म्हणे… मग सांग की सरांना दमा म्हणून. तुझं इंग्रजी ऐकून सर खूश होतात, कशावरही.

काय?… परत सांग… तू स्टेथोस्कोप काढलास आणि ती आपणहून डाव्या कुशीवर वळली… श्वास सोडून थांबलीसुद्धा…

मग? सवय होते यार वॉर्डातल्या पेशंटना. रोज कोणी ना कोणी येऊन तपासतं… "दूसरी डॉक्टरनी ने सिखाया"? असेल कोणी… चष्मेवाली? चष्मा काय मला एकटीला आहे का?

…

हो. मीच. झालं समाधान?

परवा. तू कँटीनमध्ये होतीस… मुद्दाम कसली, तिच्या बेडजवळून जात होते. उशांना टेकून बसलेली, गालांवर ती पुस्तकात असते तसली लाली. मला राहवलं नाही. कुशीवर वळवलं, श्वास सोडून धरायला सांगितला. आणि आला ऐकू. हृदयाची झडप आकसली की येतो तो मर्मर, अगं. लांबून ट्रक गेल्यासारखा. दमा नाहीच आहे तिला. मी दोनदा ऐकला. बिचारीला दोनदा वळवलं, म्हणून शिकली असेल.

का नाही सांगितलं?… का सांगू? उद्या तू सगळ्यांसमोर दमा म्हणणार होतीस, आणि मग मी बोलणार होते. एकदा, कृतिका. एकदा तरी सरांनी तुझ्याकडे पाठ करून माझ्याकडे बघावं… हो, जळते मी. बिल्कुल जळते. तू वॉर्डात आलीस की सिस्टरसुद्धा खुर्ची देते. मी तासभर उभी असते, माझं नाव कोणाच्या लक्षात नाही… सरांनी मला दोनदा अहिल्या म्हणून हाक मारलीय. अहिल्या पास होऊन गेली, यार.

…

माहीत आहे. तिला आडवं होता येत नाही, बसून रात्र काढते, माहीत आहे मला… म्हटलं, दोन-तीन दिवसांनी काय बिघडतं… हो. बिघडतं. ओरडू नकोस, कळतंय मला.

थांब, थांब. तुला ऐकू नाही आला? त्या अमेरिकेहून मागवलेल्या स्टेथोस्कोपमधून?… अजिबात नाही?… मग तुला काय कळलं?… ती वळली त्यावरून? झडपेचा आवाज ऐकायलाच तसं वळवतात म्हणून? आणि तेवढ्यावर जयंत सरांना बोलावलंस? सिनिअर रेसिडेंटना? हसले असते ना ते तुला… काय सांगितलंस?… "मला येत नाही, पण नीरजाला आला असणार"… असं म्हणालीस?

मग?… आला त्यांना… डिस्चार्ज रद्द. औषध पण बदललं… आता जरा आडवी झालीय?… बरं झालं. खरंच बरं झालं.

मला कधी सापडलं, विचारलं त्यांनी?… तू काय सांगितलंस?… आज. आज दुपारी… असं सांगितलंस.

नाही, रडत नाहीये. फोडणीचा धूर आलाय इकडे… खरं सांगू? तुला ऐकू आला नाही म्हणालीस ना, तेव्हा आधी मला बरं वाटलं. लाज नंतर वाटली.

नको. आजचं नको. उद्या राउंडला मीच सांगते सरांना, परवाच ऐकला होता आणि गप्प बसले… काढू देत वॉर्डाबाहेर… मोठेपणा कसला? अगं ऐक. गाडी तुझी, इंग्रजी तुझं, सर तुझे. आता माझ्यासाठी खोटं बोलायचा मोठेपणाही तुझाच झाला, तर माझ्याकडे राहिलं काय?… नाही. तू काही बोलू नकोस. ठेवते मी.