काळ्या तुकड्यांची पेटी

हिमानी : "खाण" शब्द खोडा, काका. "साठा" बी खोडा. तेव्हाच भूवैज्ञानिक म्हणून सही करते.

मारोतराव : अवं, मग माहितीपत्रकात उरलं काय? माझा फोटो? उद्या छपाईले द्याचं आहे अन् तू खोडत बसली!

हिमानी : साठा सिद्ध नसला की कंपनीले तसं सरळ सांगावं लागते. आपण नुसता शोध घेऊन राहिलो. जमिनीखाली मँगनीज किती आहे हे अजून कोणालेच माहीत नाही, ते शेअर घेणाऱ्याले समजलं पाहिजे.

मारोतराव : कोणालेच कसं नाही? भोक पाडून दगड काढला ना आपण! शेडमधली पेटी काळी कुळकुळीत भरली आहे. फोटो छापून राहिलो तिचा. तूच म्हणाली होती, थर जाड आहे म्हणून.

हिमानी : म्हणाली होती. तेच खाऊन राहिलं मले. काल शेडवर गेली, तुकडे जोडून पाहिले. भोकातला दगड मोडला तरी तुकड्याले तुकडा जुळते, फुटलेल्या बांगडीसारखा. त्या पेटीतला एकही जुळत नाही. अन् फटीत कुंकू!

मारोतराव : कुंकू असणारच. खंडेनवमीले पूजा केली ना! मशीन, टिकास, पेट्या, सगळ्याले हार घातले.

हिमानी : पेट्या उघडल्या कोणी?

मारोतराव : मीच. नुसता चिखल होता वं. दगड काढून स्वच्छ धुतले.

हिमानी : अन् परत कसे ठेवले?

मारोतराव : पूजेले चांगले दिसले पाहिजे का नाही? काळे काळे एका पेटीत, भुरके बाकीच्यात. काहून? अशी काहून पाहून राहिली?

हिमानी : काका, कोणता तुकडा किती खोलवरचा, ते पेटीतल्या क्रमावरूनच समजते. माझ्या आधीचा भूवैज्ञानिक दुर्गेश नोंद न करताच नोकरी सोडून गेला. मी दिवाळीनंतर आली. पेटीत जे दिसलं त्यालेच जाड थर समजली.

मारोतराव : म्हणजे थर नाहीच?

हिमानी : असेल. नाहीतर पातळ पट्ट्या असतील. पुन्हा भोक पाडल्याबिगर सांगताच येत नाही.

मारोतराव : मी कोणाले फसवाले नाही केलं वं. देवाशप्पथ.

हिमानी : मले माहीत आहे. पण सही माझी आहे.

मारोतराव : हे तुले माहीत अन् मले माहीत. आधी शेअर जाऊ दे. भोक नंतर पाडू.

हिमानी : शेअर घेऊन कोण राहिलं? काकूनं भिशीतल्या साऱ्या बायांले सांगितलं. पहिला अर्ज तिचाच. त्यातल्याच गोपिकामावशीनं काल फोन केला, "तू आपल्या डोळ्यानं पाहिलं ना वं, पोरी?"

मारोतराव : मग तू काय म्हणाली?

हिमानी : फोन ठेवून दिला.

(मारोतराव उठून खिडकीशी जातात. खाली रामदासपेठेतले दवाखाने सुटायची गर्दी.)

मारोतराव : तुझ्या काकूनं, सत्यवतीनं, मले एका शब्दानं विचारलं नाही. म्हणे, खाण तुमची, मग विचाराचं काय त्यात.

हिमानी : काका, मी लिहू?

मारोतराव : लिही. खाण खोड. पेटीचा फोटो काढून टाक. पूजेचं बी लिही, हसू दे लोकांले.

हिमानी : कुठं लिहू? शेवटी?

मारोतराव : पहिल्या पानावर. अन् मोठ्या अक्षरात लिही वं. तुझी काकू अर्ज भरताना चश्मा लावत नाही.