नुसते हात दिसतात

आई : वाढव ना गं फोनचा आवाज. पुटपुटल्यासारखं येतंय.

धाकटी : आई, उद्या सराव पाठ मला घ्यायचाय, तुला नाही. अपूर्णांकांचा एवढा पुळका कधीपासून आला तुला?

आई : पुळका कसला? भाजी निवडताना कानावर पडतं, एवढंच.

धाकटी : भाजी मघाशीच निवडून झाली. रिकामी परात मांडीवर घेऊन बसलीयेस.

आई : तू तुझं टाचण लिही. आणि या बाई तोंड का दाखवत नाहीत? मेले नुसते हात आणि फळा.

धाकटी : लोकांनी शिकवण्याकडे बघावं म्हणून. आमच्या बी.एड. कॉलेजातल्या निम्म्या मुली यांचे व्हिडिओ बघूनच पाठ बसवतात. आजच्यासारखं रविवारी थेट प्रश्नही विचारता येतात. मागे मी विचारलं होतं, टोपणनावानं. वर्गात गोंगाट झाला तर काय करू?

आई : मग? काय म्हणाल्या?

धाकटी : म्हणाल्या, आवाज चढवू नका, उतरवा. ऐकू यावं म्हणून मुलंच गप्प होतात. आणि तासाआधी कोमट पाणी पी, तुझा घसा लगेच बसतो.

आई : तुझा घसा बसतो, हे त्यांना कुणी सांगितलं?

धाकटी : ते आपलं असंच...

आई : आता का दातखीळ बसली?

धाकटी : तुला ठाऊक आहे, आई. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

आई : पोटच्या पोरीचा आवाज ओळखायला तोंड दिसावं लागतं होय?

धाकटी : मग बोलली का नाहीस?

आई : तू तरी कुठं बोललीस?

धाकटी : ताईशी बोलायचं नाही, अशी शपथ तूच घातली होतीस. तिच्याकडून शिकायचं नाही, असं नव्हतं घातलंस.

आई : वकील व्हायला हवं होतंस. मला वाटलं, तिचं नाव काढलं तर तू हे लावायचंच बंद करशील. तिचं मनगट बघ, केवढंसं झालंय.

धाकटी : आधीपासून तसंच आहे.

आई : नव्हतं. मला नको सांगूस.

धाकटी : एक विचारू? शिक्षिका व्हायचं म्हणून तिनं ठरलेलं लग्न मोडलं, तर तू म्हणालीस, पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस. माझ्या प्रवेशाला मात्र स्वतः रांगेत उभी राहिलीस.

आई : तिच्यावर रागावून बघितलं ना. लेक गेली. दुसरीवर रागवायची हिंमत नव्हती उरली.

(फोनमधून खडूचा आवाज येत राहतो.)

फोनमधल्या बाई : अजून कुणाची शंका? नसेल तर आजचा तास इथंच थांबवते.

धाकटी : आई, सांग काहीतरी, मी लिहिते. पण सगळ्यांना दिसेल हं.

आई : मग नको. चारचौघांत तिला अवघडल्यासारखं होईल. आणि मी काय विचारणार? मला कुठं शिकवायचंय?

धाकटी : बरं, राहू दे.

आई : आता बंद होईल का?

धाकटी : होईल.

आई : लिही. आई ऐकतेय म्हणून लिही. पुढं काही नको.

धाकटी : "आई ऐकतेय." गेलं बघ.

आई : दिसलं का तिला?

धाकटी : खडू खाली ठेवला तिनं.

आई : हात पण दिसत नाहीत आता. रागावली. उगाच लिहायला लावलं मी तुला.

फोनमधल्या बाई : एक मिनिट हं. माफ करा. आई... आई, कशी आहेस गं?

आई : बरी आहे! बरी आहे बाळा, तू कशी आहेस?

धाकटी : आई, तुझं तिला ऐकू जात नाही. लिहावं लागतं. बोल, मी लिहिते.

आई : तू नको. तुझं लिहिलेलं तिला मिळतंच की. इकडे दे. मला दाखव कुठं दाबायचं.

धाकटी : हे बघ, इथं. आधी अक्षर, मग काना. चुकलं तर चुकलं, घाई करू नकोस.

आई : थांब. आधी तुझ्या हातानं एवढंच कळव तिला, आईला वेळ लागतो. तोवर जाऊ नकोस म्हणावं.